सुपात ठेवलेली साक्ष

अन्याय झाला तो आमच्या कणगीताईंवर. कधी, तर गेल्या वटपौर्णिमेला सकाळी, वडगाव मावळात, आमच्या संस्थेच्या कचेरीत. कार्यकारिणीतल्या दोघी बायका त्या दिवशी वडाला जाणार, हे बैठक ठरवणाऱ्यांना चांगलं ठाऊक होतं. उरलेल्या पुरुषांनी चहा संपायच्या आत ठराव केला : 'वाड्यांवरील ज्येष्ठांच्या चित्रित साक्षी संबंधित कार्यकर्तीच्या निष्काळजीपणामुळे नष्ट झाल्या असून त्यांना कामातून मुक्त करण्यात येत आहे.' संबंधित कार्यकर्ती दारातच उभी होती. तिला आत येऊन बसा असंही कुणी म्हटलं नाही. मी तिच्या शेजारी उभी होते, म्हणून हे सांगू शकते. माझा हात पत्रकं लिहून तयार झालेला आहे, तेव्हा गोड लागेल असं काही लिहिणार नाही.

ताईंना कुठलीही गोष्ट दाखवा, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला : "गेलं तर?" नवी स्कूटर दाखवा, नवा फोन दाखवा, बँकेत मिळालेली नोकरी सांगा. "छान. गेलं तर?" माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात नवरीच्या आत्यानं कौतुकानं जावयाकडे बोट केलं तेव्हा मी ताईंचा दंड धरून त्यांना मांडवाबाहेर ओढलं. "काही म्हणणार नव्हते गं," त्या म्हणाल्या, "पण बघ, विचारण्यासारखं आहे." माणसं त्यांना अपशकुनी म्हणत. खरं तर ती त्यांची पोटापाण्याची सवय होती. पुण्याकडच्या एका कंपनीत त्यांनी वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या संगणकांच्या, माहिती साठवायच्या डिस्का सांभाळल्या होत्या. आईच्या आजारपणात नोकरी सोडून लोणावळ्याला आल्या, आई गेली, त्या राहिल्या. चिक्कीच्या कारखान्यामागं दोन खोल्या होत्या. त्यांच्या पुस्तकांना, पांघरुणांना, केसांनासुद्धा गुळाच्या पाकाचा वास यायचा.

आमच्या संस्थेत त्या आल्या त्या वाड्यांच्या कामासाठी. टाकवे बुद्रुकच्या पुढं, डोंगराच्या कुशीत ठाकरवाड्या आहेत. तिथल्या लोकांचे कसत्या जमिनीचे वनहक्काचे दावे आम्ही लावून धरले होते. अशा दाव्यात वडीलधाऱ्यांचं सांगणं पुरावा म्हणून चालतं : जुनी वाडी कुठं होती, नाचणी-वरई कुठवर पेरायचे, देव कुठं मांडला होता, मढी कुठं नेत. कागद नसलेल्या माणसांचा कागद म्हणजे हे म्हातारे. त्यांना जागेवर नेऊन चित्रण करायचं, मग त्याचे तुकडे पाडून, आवाज साफ करून, गावोगावच्या पोरींनी घरून ऐकून ते शब्दांत उतरवायचं, असं ठरलं. एवढं चित्रण कचेरीतल्या म्हाताऱ्या संगणकाला झेपेना. म्हणून क्लाउडवर मशीन घेतलं. म्हणजे कुठल्यातरी लांबच्या इमारतीतल्या मोठ्या संगणकाचा एक हिस्सा भाड्यानं घेतला. आपल्या पडद्यावर तो आपल्याच संगणकासारखा दिसतो. त्याला डिस्क कुठली जोडायची, ते मात्र आपण निवडायचं असतं.

आणि डिस्क ही गोष्ट ताई कुणालाही समजावू शकत. भागाआबांच्या ओटीवर त्यांनी ती समजावली तेव्हा मी होते. भागाआबा वाडीतले सगळ्यात जुने. त्यांची सून सगुणा वरई पाखडत होती. तिनं विचारलं, "ताई, आमच्या म्हाताऱ्याचं बोलनं तुमी नेनार, ते ठेवनार कुटं?"

ताईंनी आत बोट केलं. "ती कणगी बघ. वर्षाचं भात मावतं. काढायला वेळ लागतो, वाकावं लागतं, पण घर शाकारताना उचलून बाजूला ठेवली तरी भात भातच राहतं. तशी एक डिस्क असते. साधी, संथ, मशीनपासून वेगळी. मशीन मोडलं तर ती काढायची न् दुसऱ्याला जोडायची. दुसरी तुझ्या चुलीजवळच्या डब्यासारखी. हात घातला की निघतं, फार चपळ. पण वर्षाचं भात मावेल एवढा डबा कुणाला परवडतोय? आणि तिसरी..." त्यांनी सगुणाच्या हातातल्या सुपाकडं बघितलं. "तिसरी हे सूप. ती त्या संगणकाच्या पोटातच असते. तिच्याइतकं झपाट्यानं काम कशातच होत नाही. पण काम झालं की सूप झटकून ठेवायचं. सुपात कुणी साठवण करतं का?"

"येड्यानंच करावी," सगुणा म्हणाली.

"मग आबांचं बोलणं कशात ठेवायचं?"

"कनगीत!" आतून दोघी-तिघी एकदम ओरडल्या. त्या दिवसापासून वाडीनं त्यांना कणगीताई केलं आणि आम्हीही तेच म्हणू लागलो. त्यांचं कागदावरचं नाव मी इथं लिहीत नाही. ज्या कागदावर ते शेवटचं लिहिलं गेलं, तो कागद फाडायच्या लायकीचा आहे.

भागाआबांनी साक्ष दिली ती माघात. धरणाच्या पाण्याकडं हात करून ते म्हणाले, "तितं आमची जुनी वाडी. पानी आलं, आमी वर सरकलो. ह्यो आंबा माझ्या आज्यानं लावला. त्याच्या खालतून वढ्यापत्तुर आमी नाचनी करायचो." आंब्यापासून ओढ्यापर्यंत ते स्वतः चालले. काठी टेकत, मध्येच बसत, पण एकही खूण चुकले नाहीत. जुन्या वाडीतला तेवढा एकच माणूस उरला होता. शेवटी कॅमेऱ्याकडं नाही, ताईंकडं बघून म्हणाले, "बाय, येक कर. ह्यात आमच्या देवाची जागा हाय. हे कुनाच्या घरात ठेवू नगंस. हापिसातच ठेव."

ताईंनी शब्द दिला. आणि एरवी प्रत्येक गोष्टीची दुसरी प्रत जवळ बाळगणाऱ्या या बाईनं ते चित्रण स्वतःच्या संगणकावर घेतलं नाही, उतरवायला पोरींच्या घरीही जाऊ दिलं नाही. मी म्हटलंही, "ताई, कुणाला कळणारेय?" त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी कॅमेरा उचलून गाडीत जाऊन बसले. चैत्रात भागाआबा गेले.

आता बैठकीतला प्रकार ऐका. ही बैठक वटपौर्णिमेच्या कितीतरी आधीची, मशीन घेतलं तेव्हाची. आमचे कार्यवाह, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात, ते निवृत्त शिक्षक. वाईट माणूस नाही. वाईट माणूस असता तर मला लिहायला सोपं गेलं असतं. भाऊंनी पडद्यावर डिस्कांची तुलना बघितली आणि बोट ठेवलं. "ताई, ही तर मशीनबरोबरच येते. वेगळं काही द्यायला नको. आणि सगळ्यात जलदही हीच लिहिलीये."

"जलद आहेच. काम करायला हीच घ्या," ताई म्हणाल्या. "पण मूळ चित्रण साध्या डिस्कवर ठेवा आणि आठवड्याला तिची प्रत काढा. भाऊ, ही मशीनबरोबर येते न् मशीनबरोबरच जाते. आपण मशीन बंद केलं की तो संगणक आपला राहत नाही. पुन्हा चालू केलं की भलत्याच संगणकावर चालू होतं. त्याच्या पोटात आपलं काही नसतं."

"पण आपण बंद करायचंच कशाला?"

"कुणीतरी करतंच."

"ताई, तुम्ही अक्षता पडायच्या आत काडीमोड मागता!" भाऊ म्हणाले आणि बैठक खदाखदा हसली. साध्या डिस्कचा विषय 'पुढच्या बैठकीत बघू' म्हणून ठेवला. पुढच्या बैठकीत तो पुन्हा पुढच्या बैठकीत गेला. तोवर चित्रण येतच होतं आणि त्याच एका डिस्कवर चढत होतं, पोरींनी उतरवलेलं लिखाणही तिथंच. वर चढलं की पोरं कॅमेऱ्याची कार्डं पुसून दुसऱ्या वाडीला न्यायची, कारण कार्डं तेवढीच होती. ताईंनी कचेरीतल्या लॅपटॉपवर स्वतःच्या हातानं चिठ्ठी चिकटवली : 'मशीन अडलं तर रीस्टार्ट करा. बंद करू नका.' प्रत्येकाला तोंडानंही सांगितलं, पुन्हापुन्हा सांगितलं. माणसं मान डोलवायची. मान डोलवणं हा आमच्या संस्थेचा मुख्य कार्यक्रम आहे.

ताई स्वतः मात्र चेष्टेत मागं नव्हत्या. फाल्गुनात आम्ही बेडशाला गेलो होतो, लेण्याच्या पायऱ्यांवर दम खात बसलो होतो. मी विचारलं, "ताई, सगळ्यात भरवशाची डिस्क कुठली?" त्यांनी मागं, दगडात कोरलेल्या अक्षरांकडं अंगठा केला. "ही. लिहायला जन्म जातो, वाचायला तज्ज्ञ बोलवावा लागतो, आणि खोडून लिहिता येत नाही. पण बंद करायचं बटणच नाही हिला!" आणि मग हसू आवरून म्हणाल्या, "पत्रकवाले, तू पत्रकं छापतेस ना, त्यातलं एक तरी कुठं ठेवतेस का?" मी ठेवत नव्हते. अजूनही ठेवत नाही.

वैशाखातल्या वळवाबद्दल मावळाबाहेरच्यांना सांगायला हवं. दुपारून डोंगरावर काळं चढलं की इथं घरोघरी एकच धांदल : बटणं बंद करा, प्लग काढा, टीव्हीची वायर उपटून खिडकीबाहेर टाका. विजेनं ज्याचा टीव्ही नाहीतर पंप जाळला नाही, असं घर आमच्याकडं शोधावं लागेल. आम्ही पोरं अक्षरं गिरवायच्या आधी प्लग काढायला शिकलो. यात हसण्यासारखं काही नाही, हे अनुभवाचं शहाणपण आहे. तर अशा एका शनिवारी टाकव्याच्या बाजूनं गडगडू लागलं. कचेरीत भाऊ एकटेच होते. त्यांनी पंखा बंद केला, पाण्याचं मशीन बंद केलं, छपाईयंत्राचा प्लग काढला. लॅपटॉप उघडाच होता, आणि त्यावर क्लाउडच्या मशीनचं पान. तिथंही एक बटण होतं. भाऊंनी जबाबदारीनं तेही बंद केलं. मग लॅपटॉपची वायर काढली, कुलूप लावलं आणि सगळं वाचवल्याच्या समाधानानं भिजत घरी गेले.

सोमवारी ताईंनी मशीन चालू केलं. चालू झालं. डिस्कही होती. आत काही नव्हतं. नुकत्याच सारवलेल्या जमिनीसारखी स्वच्छ होती. ताईंचा हात माऊसवरच राहिला. त्यांनी विचारलं, "बंद कुणी केलं?"

"मी केलं," भाऊ म्हणाले. "विजा बघितल्यात का केवढ्या होत्या!"

"भाऊ, मशीन वडगावात नव्हतं."

"मग कुठं होतं?"

"लांब. कुणाच्यातरी इमारतीत."

"मग तिकडं काय विजा पडत नाहीत?"

ताईंनी रिकामी डिस्क दाखवायला लॅपटॉप त्यांच्याकडं वळवला. भाऊंना कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर ते खुर्चीत बसले आणि दोन्ही हातांनी चेहरा झाकला. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण ते खरं आहे. त्या दिवशी भाऊंना सगळं कळलं होतं. म्हणूनच पुढचं माफ करता येत नाही.

चूक माफ होते. अंगवळणी पडलेल्या सवयीनं माणसाच्या हातून बटण दाबलं जातं, त्यासाठी मी कुणाच्या विरोधात पत्रक काढणार नाही. पण पुढचे कितीतरी दिवस कचेरीत हळूहळू भाषा बदलत गेली, ती मी माझ्या कानांनी ऐकली. आधी 'आपल्याकडून गेलं' होतं. मग 'तांत्रिक कारणानं गेलं' झालं. मग 'डिस्कचं सगळं ताईच बघत होत्या ना' आलं. आणि वटपौर्णिमेला 'निष्काळजीपणा'. त्या ठरावाला भाऊ अनुमोदक होते. हात वर करताना त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. चिठ्ठी लॅपटॉपवर तशीच चिकटलेली होती.

ठरावावर थांबले असते तरी ताई सावरल्या असत्या. पण कार्यकारिणीतला एक जण वाड्यावाड्यांवर जाऊन सांगून आला की साक्षी ताईंच्या हातून गेल्या, संस्थेनं त्यांना काढलंय, त्या आल्या तर बोलू नका. काढून टाकल्यावरही ताई जाणारच, हे त्याला बरोबर कळलं होतं.

आणि त्या गेल्याच. लावणीच्या दिवसांत, वडगावहून एसटीनं टाकव्याला आणि पुढं चिखलातून चालत, स्वतःचा फोन घेऊन. बाकीच्या म्हाताऱ्यांची साक्ष पुन्हा घेता येईल, एवढंच त्यांच्या डोक्यात. मी बरोबर होते. सगुणा खाचरात होती, गुडघाभर चिखलात. तिनं आम्हाला बघितलं आणि हातातला रोपांचा आवा खाली ठेवला नाही.

"ताई, आमच्या आबाचं बोलनं तुमीच घालवलं म्हनं?"

पाऊस होता. ताईंनी छत्री मिटली, का ते मला अजून कळलेलं नाही.

"हो," त्या म्हणाल्या. "गेलं."

"तुमी तर कनगीत ठेवनार व्हतात."

"हो."

"मग आता काय मागाया आलाय? म्हातारा हाय का आता द्यायाला?" सगुणा वळली आणि लावायला वाकली. वाडीतल्या दुसऱ्या कुणीही दार उघडलं नाही. एक म्हातारी ओट्यावर होती, ती उठून आत गेली.

परतीच्या वाटेवर मी ताईंवर तोंड टाकलं. भांडलेच. "खरं का नाही सांगितलं? एका वाक्यात सांगता आलं असतं. भाऊंनी बंद केलं म्हणून!"

"आणि मग?" त्यांनी विचारलं. "सुनावणी तोंडावर आलीये. दावा संस्था चालवतेय, वकील संस्थेचा आहे. वाडीचा संस्थेवरचा विश्वास उडाला तर त्यांच्या बाजूनं उभं कोण राहणार, तू न् मी? माझ्यावरचा उडाला तर काय, मी तर काढलेलीच आहे."

"हा अन्याय आहे ताई."

"असेल. पण दावा गेला तर तो मोठा."

हे मोठेपण आहे, असं कुणी मला सांगू नये. मला त्याचा राग आहे. एका माणसाला स्वतःच्या नावावर माती ओढून घ्यावी लागते, तेव्हाच दुसऱ्यांच्या खुर्च्या स्वच्छ राहतात. अशा मोठेपणाला सभांतून टाळ्या मिळतात, आणि टाळ्या वाजवणारेच तेवढ्यानं मोकळे होतात.

भाद्रपदात सुनावणी झाली. भागाआबांच्या घराचा दावा परत आला. आंब्यापासून ओढ्यापर्यंतच्या कसणुकीला आधार दाखवता आला नव्हता. ज्या घरांतले म्हातारे स्वतः उभे राहून सांगू शकले, त्यांचे दावे कसेबसे पुढं सरकले, पण जुन्या वाडीशी नातं जोडणारा एकच माणूस होता आणि त्याचं बोलणं कुठंच नव्हतं. सगुणाचं घर आता त्या जमिनीवर उपरं आहे. म्हणजे ताईंच्या गप्प राहण्यानं जे वाचायला हवं होतं, ते वाचलं नाही. त्यांचं नाव तेवढं गेलं.

आश्विनात ताईंनी लोणावळ्याच्या खोल्या सोडल्या. बार्शीकडं धाकट्या भावाकडं जाणार होत्या. मी गेले तेव्हा सामान बांधलेलं होतं. कारखान्यात पाक चढला होता आणि वास सहन होत नव्हता. मी म्हटलं, "तिकडं काय करणार?" तर म्हणाल्या, "भावाचं दुकान आहे. बसेन गल्ल्यावर." मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "डिस्का बघायच्या नाहीत आता. मला भीती वाटते गं." ही बाई जगातल्या प्रत्येक गोष्टीला 'गेलं तर?' विचारायची, पण ती घाबरलेली मी कधी बघितली नव्हती. विचारणं हाच तिचा धीर होता. तो आपण काढून घेतला.

स्टेशनवर त्यांनी माझ्या हातात चिक्कीचा पुडा दिला आणि म्हणाल्या, "माझ्यावर पत्रक काढू नकोस हां." गाडी हलेपर्यंत मी हो म्हणाले नाही. त्यांनी एकदा फोन केला, पोचल्याचा. नंतर माझे फोन उचलले नाहीत.

सुनावणी संपली, दावा परत आला, वाडीला वाचवायचं म्हणून गप्प बसायचं कारण आता उरलेलं नाही. म्हणून मी लिहिलं. ताईंना आवडणार नाही. नावडू दे.

आता तुम्ही. हे वाचणाऱ्यांतले निम्मे तरी आमच्या संस्थेचे सभासद आहात, बैठकीत हसलेलेही तुमच्यात आहेत. हळहळू नका. ताई किती चांगल्या होत्या, हे मला येऊन सांगू नका. वार्षिक सभेला या. उभं राहून वटपौर्णिमेचा ठराव रद्द करायची मागणी करा आणि होईपर्यंत खाली बसू नका. आणि सभा संपली की घरी जाऊ नका. भाऊंना बरोबर घ्या, टाकव्याच्या पुढची वाट धरा, सगुणाच्या दारात उभे राहा आणि तुमच्या तोंडानं तिला सांगा, मशीन कुणी बंद केलं.